आधी तपासू तर द्या

‘मुलांना लेबलं लावू नका’ हे वाक्य आज इतक्या भल्या माणसांच्या तोंडी आहे, की त्याला विरोध करणारा निर्दय वाटू लागतो. शिक्षक ते म्हणतात, आजी-आजोबा म्हणतात, पालकत्वावर व्याख्यानं देणारे म्हणतात, काही डॉक्टरही म्हणतात. एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विषय निघाला की चार विधानं ठरलेली असतात. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. मुलगा आहे, दंगा करणारच. हे अमेरिकेचं खूळ आहे आणि औषध कंपन्यांनी ते पसरवलंय. आणि एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसला जात नाही. या चारही विधानांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. कारण त्यांच्या आधारावर घरोघरी एक निर्णय होतो आहे : मुलाला तज्ज्ञाकडे न नेण्याचा. तो निर्णय चुकीचा आहे असं माझं मत आहे. ज्यांना मुलांवर उगाच शिक्के बसू नयेत असं मनापासून वाटतं, त्यांनी तर नीट तपासणीचा सर्वांत जास्त आग्रह धरायला हवा.

‘आमच्या वेळी नव्हतं’ हे पहिलं विधान घेऊ. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरनं १७९८ साली मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात एकाच गोष्टीवर लक्ष ठेवता न येणाऱ्या, बारीकशा आवाजानंही विचलित होणाऱ्या माणसांचं वर्णन आहे, आणि ही अवस्था जन्मजात असू शकते असंही त्यानं नोंदवलं आहे. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं व्याख्यानं दिली. बुद्धीनं कमी नसलेली, पण स्वतःला आवर घालता न येणारी मुलं हा त्यांचा विषय होता. स्टिलनं वर्णन केलेल्या सगळ्या मुलांना आजच्या निकषांवर एडीएचडी म्हणता येणार नाही, पण बऱ्याच जणांची ओळख पटते. आता औषधाच्या तारखा पाहा. मिथाइलफेनिडेट हे या विकारावरचं सर्वाधिक वापरलं जाणारं औषध स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत १९४४ साली तयार झालं आणि १९५४ साली बाजारात आलं. म्हणजे वर्णन आधी झालं आणि औषध त्यानंतर अर्ध्या शतकानं आलं. औषध खपवण्यासाठी आजार शोधून काढला, हा आरोप या क्रमापुढे टिकत नाही.

‘आमच्या वेळी’ ही मुलं कुठे होती, हा प्रश्न मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ती आपल्याच वर्गात होती. मागच्या बाकावर बसत, पट्टीचा मार खात, बाहेर अंगठे धरून उभी राहत. सातवी-आठवीत नापास होत आणि एक दिवस शाळेत यायची बंद होत. कुणी गॅरेजवर लागलं, कुणी ट्रकवर क्लीनर झालं, कुणी शेतात गेलं. त्यांतल्या काहींनी पुढे आपल्या हातांच्या बळावर उत्तम संसार केले आणि त्यांचंच उदाहरण देऊन आपण म्हणतो, ‘बघा, काही बिघडलं नाही.’ ज्यांचं बिघडलं, त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. दारूत गेलेले, दर सहा महिन्यांनी नोकरी सोडणारे, रागाच्या भरात घर मोडून बसलेले. त्यांतल्या किती जणांना एडीएचडी होता हे आज कुणी सांगू शकणार नाही. पण कुणालाच नव्हता हेही कुणी सांगू शकत नाही, आणि ‘आमच्या वेळी नव्हतं’ म्हणणारा माणूस नेमका तोच दावा करत असतो.

दुसरं विधान मुलग्यांच्या दंग्याचं. दंगा करणं हा आजार नाही, हे मला शंभर टक्के मान्य आहे. निदानाचे निकषही तेच सांगतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांनुसार लक्ष न लागण्याची ९ लक्षणं आणि अतिचंचलता-उतावळेपणाची ९ लक्षणं धरली जातात. मुलांमध्ये कोणत्या तरी एका गटातली किमान ६ लक्षणं निदान सहा महिने दिसावी लागतात. ती वयाला न शोभणारी असावी लागतात, त्यांतली काही वयाच्या बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. घर, शाळा, खेळाचं मैदान यांपैकी निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यामुळे मुलाचं प्रत्यक्ष नुकसान होत असावं लागतं. म्हणजे जो मुलगा शाळेत शहाण्यासारखा बसतो आणि घरीच धिंगाणा घालतो, किंवा फक्त गणिताच्या तासाला भिंतीकडे बघत बसतो, तो या निकषांत बसत नाही. ‘मुलगा आहे, दंगा करणारच’ हे वाक्य जी भीती घालवण्यासाठी म्हटलं जातं, ती भीती हे निकष आधीच लक्षात घेतात.

शिवाय या वाक्यात मुलींना जागाच नाही. खिडकीबाहेर बघत बसणारी, वही घरी विसरणारी, उत्तर येत असूनही पेपर अर्धा सोडणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही. म्हणून तिला कुणी तज्ज्ञाकडे पाठवत नाही. ‘हुशार आहे, पण वेंधळी आहे’ असा शेरा प्रगतिपुस्तकात येतो आणि वर्षानुवर्षं येत राहतो. दंगा दिसतो आणि वेंधळेपणा खपून जातो, हे दवाखान्यांत मुलींची संख्या कमी दिसण्याचं एक मोठं कारण आहे. अशा मुली मोठ्या होतात, लग्न होतं, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळताना त्यांची दमछाक होते आणि त्या स्वतःला नालायक समजू लागतात. त्यांच्याकडे मी पुढे येतो.

तिसरं विधान सर्वांत वजनदार आहे आणि त्यातलं खरं आधी कबूल करतो. अमेरिकेत २०२२ साली पालकांना विचारून केलेल्या सरकारी पाहणीत ३ ते १७ वयाच्या ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी एडीएचडीचं निदान झाल्याचं दिसलं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज मात्र मुलांमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आहे. हा फरक विचार करायला लावणारा आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं मोजतात. डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलग्यांना जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत निदान होण्याची शक्यता ३० टक्क्यांनी जास्त होती आणि मुलींमध्ये ती ७० टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे काही मुलांचं निव्वळ लहान असणं आजार म्हणून नोंदलं गेलं. आपल्याकडेही पहिलीच्या प्रवेशाला वयाची अट आहे. त्या अटीच्या काठावर प्रवेश मिळालेलं मूल वर्गातल्या इतरांपेक्षा जवळजवळ वर्षभरानं लहान असू शकतं. तुमचं मूल तसं असेल तर तज्ज्ञाला हे पहिल्या भेटीतच सांगा.

पण या माहितीवरून ‘म्हणून तपासूच नका’ असा निष्कर्ष निघत नाही. घाईनं केलेलं निदान चुकतं, एवढाच तो निघतो. चुकीच्या निदानावर उपाय नीट निदान हाच आहे.

आणि अमेरिकेतली भीती जशीच्या तशी उचलून महाराष्ट्रात आणणं हेही बरोबर नाही. इथली परिस्थिती जवळजवळ उलटी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानंतर भारतात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ असल्याचा आकडा पुढे आला. त्यांतही मुलांचे तज्ज्ञ मूठभर, आणि तेही मोठ्या शहरांत. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतं आणि औषध नियमांच्या एक्स परिशिष्टात आहे. डॉक्टरला चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते, दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो. तालुक्याच्या गावात हे औषध मिळणंच मुश्कील. ज्या देशात हे औषध मिळवण्यासाठी पालकांना शहरातली दुकानं पालथी घालावी लागतात, तिथे ते मुलांच्या घशात ओतलं जातंय असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या पाच ठिकाणची मुलं तपासली गेली. त्यांत उत्तर गोवाही होता. ६ ते ९ वयाच्या मुलांत मेंदूच्या वाढीशी संबंधित ९ अडचणी पाहिल्या गेल्या, त्यांत एडीएचडी आणि अध्ययन-अक्षमताही होत्या. यांपैकी किमान एक अडचण असलेल्या मुलांचं प्रमाण ठिकाणानुसार ६.५ ते १८.५ टक्के निघालं. यातल्या किती मुलांच्या घरी त्या अडचणीचं नाव कधी उच्चारलं गेलं असेल, याचा विचार करा.

इथे मला मूळ घोटाळ्याकडे यायचं आहे. लेबलाला विरोध करणारे तीन वेगवेगळे निर्णय एकत्र बांधतात. तपासणी करायची का, हा एक. निदान झालं तर ते कुणाला सांगायचं, हा दुसरा. औषध द्यायचं का, हा तिसरा. तिसऱ्याची भीती वाटते म्हणून पहिलाच टाळला जातो. ताप मोजल्यानं ताप येत नाही. तपासणीला गेलं म्हणजे गोळी घेऊनच परतायचं असं नाही आणि एडीएचडी घेऊनच परतायचं असंही नाही.

नीट तपासणी एडीएचडी नाही हेही सांगते. हा मुद्दा लोकांपर्यंत पुरेसा पोचलेला नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. वर्गात लक्ष नसलेल्या मुलाला कदाचित कमी ऐकू येत असेल. चष्मा हवा असेल. घशातल्या-नाकामागच्या गाठी सुजल्यामुळे ते रात्री घोरत असेल, नीट झोपत नसेल आणि दिवसा चिडचिडं होत असेल. थायरॉइडचा दोष असेल, अंगात रक्त कमी असेल. काही मुलं दिवसातून अनेकदा काही सेकंद शून्यात बघतात. शिक्षकांना वाटतं स्वप्नं बघतंय, आणि तो अपस्माराचा एक सौम्य दिसणारा प्रकार असतो. त्याच्यावर अगदी वेगळं औषध आहे आणि ते लागू पडतं. एखाद्या मुलाला अक्षरंच जुळवता येत नसतील, म्हणून पुस्तक उघडलं की ते पळ काढत असेल. ‘तारे जमीन पर’मुळे हे आपल्याला ठाऊक झालं, पण त्या चित्रपटातला मुलगा डिस्लेक्सियाचा होता, एडीएचडीचा नव्हे. दोन्ही एकाच मुलात असणंही काही दुर्मीळ नाही. आणि घरात मारहाण चालू असेल, आईवडील वेगळे होत असतील, जवळचं माणूस गेलं असेल, तरीही मुलाचं लक्ष उडतं. यांतलं कोणतं कारण आहे हे आजीच्या अनुभवावरून किंवा बाबांच्या लहानपणावरून कळत नाही. त्यासाठी कुणीतरी शांतपणे बसून विचारावं लागतं.

मात्र तपासणी म्हणून जे काही विकलं जातं ते सगळं तपासणी नव्हे. पंधरा मिनिटं मुलाकडे पाहून चिठ्ठी लिहिणं ही तपासणी नाही. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचे प्रकार सांगणारी डीएमआयटी हे शास्त्र नाही, तिच्यावर एक रुपया घालवू नका. एडीएचडी ठरवणारी रक्ताची तपासणी नाही. केवळ मेंदूचा आलेख काढून किंवा ‘ब्रेन मॅपिंग’ करून निदान सांगणाऱ्यापासून दूर राहा. आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून तर मुळीच ठरवू नका. एडीएचडीवरच्या सर्वांत लोकप्रिय १०० टिकटॉक व्हिडिओंची छाननी कॅनडातल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले. खऱ्या तपासणीत आईवडिलांशी सविस्तर बोलणं होतं, शाळेकडून लेखी माहिती मागवली जाते, प्रमाणित प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, कान-डोळे आणि झोप तपासली जाते, गरज असेल तर बुद्ध्यंक आणि अध्ययनाच्या चाचण्या होतात. या चाचण्या मुलाच्या शिकण्याच्या भाषेत व्हाव्यात असा आग्रह धरा. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीतून प्रश्न विचारले तर त्याचं इंग्रजी मोजलं जाईल, दुसरं काही नाही.

आता औषधाबद्दल. लहान मुलांत, पाच-सहा वर्षांच्या आत, पहिला उपाय औषध नसतोच. पालकांना प्रशिक्षण देणं हा असतो. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना याबाबत एकमतानं बोलतात. मोठ्या मुलांमध्ये औषधाचा उपयोग स्पष्ट आहे. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेलं औषध सर्वांत परिणामकारक ठरलं. पुढे तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा उपचारगटांमधला तो फरक उरला नव्हता, हेही सांगायला हवं. औषध हा जन्माचा इलाज नाही. भूक मंदावते, झोप लांबते, उंची थोडी कमी भरू शकते, नाडी आणि रक्तदाब पाहावा लागतो. हे सगळं विचारात घेऊन एखाद्या घरानं औषध नको म्हटलं, तर तो त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असेल आणि मी त्याचा आदर करीन. तपासणीच न करता ‘आम्ही औषधाच्या विरोधात आहोत’ म्हणणं हा निर्णय नाही.

काही न करण्याचीही किंमत असते. डेन्मार्कमध्ये १९ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०१५ साली दिसून आलं, की एडीएचडी असलेल्यांचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट होता आणि मृत्यूचं सर्वांत मोठं कारण अपघात होतं. प्रत्यक्ष मृत्यू थोडेच होते, त्यामुळे कुणी घाबरून जाऊ नये. पण ज्या राज्यात सोळा-सतराव्या वर्षी मुलाच्या हातात मोटरसायकल येते, तिथे हे वाचून पुढे जाणं मला जमत नाही.

राहिला शिक्का. समाज नावं ठेवतो, विशेषतः मुलीचं लग्न जमवताना, ही भीती काल्पनिक नाही. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. निदानाचा कागद तुमच्या कपाटात असतो. तो शाळेला दाखवायचा का, नातेवाइकांना सांगायचं का, हे तुम्ही ठरवता. आणि ज्यांना शिक्क्याची भीती वाटते त्यांनी मुलाला विचारून पाहावं, की त्याला वर्गात आज कोणत्या नावानं हाक मारतात. ‘वांड’, ‘आळशी’, ‘ढ’, ‘कामचुकार’ ही नावं कुठल्याही डॉक्टरनं दिलेली नाहीत. त्यांच्यासाठी तपासणी लागली नाही, निकष लागले नाहीत, आणि ती पुसण्याची सोयही नाही. दहा वर्षांचं मूल जेव्हा म्हणतं ‘मी वाईट आहे’, तेव्हा त्यानं स्वतःचं निदान केलेलं असतं, आणि ते चुकीचं असतं.

निदानानं सगळं मिळतं असंही कुणी समजू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणजे परीक्षेत जादा वेळ मिळावा एवढाच हेतू असेल, तर नुसत्या एडीएचडीच्या कागदावर विसंबू नका, अध्ययन-अक्षमतेची चाचणीही करून घ्या. हा कायदा बदलायला हवा असं माझं मत आहे. पण तो बदलेपर्यंत पालकांना अंधारात ठेवण्यात अर्थ नाही.

आता मोठ्या माणसांबद्दल. एडीएचडीमध्ये अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ७० टक्क्यांच्या वर येतो. त्यामुळे मुलासाठी प्रश्नावली भरताना आईचा किंवा वडिलांचा हात मध्येच थांबणं स्वाभाविक आहे. पस्तिशी-चाळिशीतल्या माणसानं स्वतःची तपासणी करून घ्यावी का? इथे माझं उत्तर मुलांच्या बाबतीत आहे तितकं सरसकट नाही. तुमचं काम, घर, पैसे आणि नाती तुमच्या पद्धतीनं नीट चालू असतील, तर केवळ उत्सुकतेपोटी निदान मागण्यात फारसं काही हाती लागणार नाही. पण बिलं पैसे असूनही थकत असतील, नोकऱ्या सुटत असतील, प्रत्येक काम शेवटच्या रात्री आणि रडतरखडत होत असेल, आणि हे आजचं नसून शाळेपासूनचं असेल, तर जा. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं शोधून न्या, आईला किंवा थोरल्या भावंडाला विचारून लहानपणच्या गोष्टी लिहून न्या. मोठ्यांसाठी ६ ऐवजी ५ लक्षणं पुरतात, पण सुरुवात बालपणात झाली होती हे दिसावं लागतं. तिशीत अचानक लक्ष लागेनासं झालं असेल तर कारण बहुधा दुसरं आहे : नैराश्य, चिंता, थायरॉइड, किंवा अपुरी झोप. मघाशी ज्या दमलेल्या बायकांचा उल्लेख केला, त्यांना माझं आवर्जून सांगणं आहे, की ‘माझं काय एवढं, आधी मुलाचं बघू’ म्हणून स्वतःचं पुढे ढकलू नका. मुलाचा दिवस आखून देण्याचं काम घरात बहुतेक वेळा तुमच्याच गळ्यात पडतं, आणि तुमचाच दिवस हाताबाहेर जात असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं वेळापत्रक भिंतीवरच राहील.

कुठे जायचं, हा प्रश्न खर्चामुळे अडतो. खासगी तपासणी महाग आहे, हे खरं. पण २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ज्या अडचणींची यादी आहे, त्यांत एडीएचडी आणि अध्ययन-अक्षमता दोन्ही आहेत. सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत येणारं वैद्यकीय पथक मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. मुंबईत सायन, केईएम आणि नायर ही महापालिकेची रुग्णालयं आहेत. रांगा लांब आहेत, तारखा उशिराच्या मिळतात, कर्मचारी अपुरे आहेत. ‘लेबल नको’ म्हणून आवाज उठवणाऱ्यांनी आपलं वजन या रांगा कमी करण्यामागे लावलं, तर चुकीचे शिक्के आपोआप कमी होतील. कारण तज्ज्ञाकडे वेळ असला की निदान घाईनं होत नाही.

पालकांना माझी एकच विनंती आहे. अनेक घरांतून ही तपासणी नववी-दहावीत, बोर्डाच्या सवलतीसाठी होते. तोवर मुलानं आठ-नऊ वर्षं बोलणी खाल्लेली असतात. सहा महिन्यांहून जास्त काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे अडचण दिसत असेल आणि मुलाचं नुकसान होत असेल, तर या आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा, त्यांचं निरीक्षण लेखी मागून घ्या आणि तो कागद घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा. मूल तिसरी-चौथीत असतानाच जा.